पार्ट विकू नका, निदान विका!

मित्रांनो, गॅरेज टाकायचा विचार करताय? मग आधी एक गोष्ट पक्की करा. तुम्ही पार्ट बदलून कमावणार, की बिघाड शोधून? माझं स्पष्ट मत आहे, मॉडिफाय केलेल्या गाड्यांच्या धंद्यात पैसा आणि नाव दोन्ही बिघाड शोधण्यात आहे.

एक नेहमीची केस घ्या. टर्बो पेट्रोल गाडी, रिमॅप करून बूस्ट वाढवलेला. आयडलिंगला मस्त चालते, पण चढाला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मिसिंग मारते, पिकअपच नाही. मग काय होतं? प्लग बदलले, फरक नाही. चारही कॉइल बदलल्या, फरक नाही. मग फ्युएल पंप! बिल फुगतं आणि गिऱ्हाईक तुटतं.

आता जरा डोकं वापरू. बूस्ट वाढला की सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, आणि स्पार्कला प्लगचा गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून गिऱ्हाईकाला आधी विचारा, "काय काय बदललंय? त्रास कधीपासून?" मग स्कॅनर लावा. कोड पी०३०२ आला, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस करतोय. त्याची कॉइल तीन नंबरला लावा, तीनची दोनला. कोड पुसा, गाडी लोडवर चालवा. आता पी०३०३ आला? कॉइल गेलीय. पी०३०२च राहिला? मग प्लग, वायरिंग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन या क्रमाने जा. प्लगचा गॅप फीलर गेजने मोजा. कंपनीचा गॅप १ मि.मी.च्या आसपास असेल, तर वाढीव बूस्टला तो ०.७ पर्यंत आणावा लागू शकतो. मिसिंग नाही, तरी पिकअप नाही? टर्बोच्या होसपाइपचे क्लॅम्प तपासा, हवा लीक होत असेल.

बघा, यात एकही पार्ट विकला नाही. मग कमाई कुठे? तपासणीच्या चार्जमध्ये! गिऱ्हाईक म्हणेल, "नुसतं बघायचे पैसे कसले?" शांतपणे सांगा, डॉक्टरही तपासायची फी घेतो, औषधाचे पैसे वेगळे.

बरेच जण सांगतात, काम आपल्याकडे केलं तर हा चार्ज बिलातून वजा करा. मला हे पटत नाही. वजा केलात की तुमचं पोट पुन्हा पार्टवरच अवलंबून, आणि नको तो पार्ट गळ्यात मारायचा मोह होणारच.

म्हणून पहिल्या दिवसापासून तपासणीचा दर बोर्डवर लिहा. काय तपासलं, काय सापडलं, ते कागदावर लिहून द्या. काही गिऱ्हाइकं परत जातील, जाऊ द्या. जी थांबतील, ती चार जणांना घेऊन येतील.