नोकरी सुटली, मालकी सुटेना

एखाद्या पेढीतला हिशेबनीस राजीनामा देतो, नोटिशीचा महिना पुरा करतो, किल्ल्या आणि खतावण्या सोपवून बाहेर पडतो. आठवडा उलटत नाही तोच फोन सुरू होतात. जीएसटीचे विवरणपत्र कुठे अडले, अमुक येणे कोणाकडचे, संगणकाचा परवलीचा शब्द कोणता? ‘पाच मिनिटांचे काम’ म्हणता म्हणता रोजचा अर्धा तास जातो. नकार द्यावा, तर अखेरचा पगार आणि अनुभवाचा दाखला अजून मालकाच्या खणात असतो.

याला सौजन्य म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः हा श्रमाच्या मोबदल्याचा प्रश्न आहे. कामगार आपली श्रमशक्ती विकतो ती ठराविक काळापुरती. तो काळ संपला की ती पुन्हा त्याची होते. त्यानंतर फुकट घेतलेला प्रत्येक तास म्हणजे नव्या माणसाला शिकविण्याच्या खर्चातील बचत, आणि ती नफ्यात जमा होते. नोटिशीचा काळ सोपवणुकीसाठीच असतो. त्या काळात मालकाने बदली माणूस नेमला नाही, तर त्याची भरपाई गेलेल्या माणसाने का करावी?

कायद्याने काही दारे उघडी ठेवली आहेत. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ धंदा-व्यवसायास मज्जाव करणारा करार तेवढ्यापुरता शून्य ठरविते. म्हणून नोकरी सुटल्यावर दुसरीकडे काम करण्यास घातलेली बंदी न्यायालये सहसा मानीत नाहीत. मात्र नोकरीच्या मुदतीतील बंधन वेगळे. एका सरकारी बँकेने घातलेली, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरविली. धंद्याची गुपिते न फोडण्याची जबाबदारीही उरतेच. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात दोन दिवसांत पगार चुकता करण्याचे बंधन मालकाने काढून टाकलेल्या कामगारापुरते होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या वेतन संहितेने राजीनामा देणाऱ्यालाही तो हक्क दिला. हा हक्क मिळाल्यावर पगाराची भीती घालून काम काढून घेणे मालकाला अवघड व्हावे.

खरी अडचण माणुसकीची आहे. फोन बहुधा मालक करीत नाही; त्या जागी आलेला नवखा मुलगा करतो, आणि उत्तर मिळाले नाही तर बोलणी तोच खातो. त्याच्याकडे पाठ फिरविणे कामगाराला शोभणारे नाही. पण रोज फोनवर उत्तरे देत राहिल्यानेही त्याचे भले होत नाही. त्याला शिकविण्याची मालकाची जबाबदारी तेवढी झाकली जाते. सोपवणुकीचे टिपण जाण्यापूर्वीच लिहून द्यावे, त्याची पोच घ्यावी, आणि पुढचे काम लेखी बोलावणे व ठरलेला मोबदला असेल तरच करावे.

एकट्याने हे सांगणे कठीण जाते. छोट्या पेढ्यांतील आणि दुकानांतील नोकरांत संघटना अद्याप फारशी पोचलेली नाही. तेथे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पगारवाढीच्या मागणीइतक्याच आग्रहाने एक साधी मागणी पुढे आणावी : शेवटच्या दिवशी, दाराबाहेर पडण्यापूर्वी, दाखला हातात.