निरोप पोहोचला, पुढे काय?

२० जुलै २०१४ रोजी लायबेरियाहून आलेला एक प्रवासी नायजेरियातील लागोसच्या विमानतळावर कोसळला. लागोस हे सुमारे दोन कोटी वस्तीचे, मुंबईइतकेच दाटीवाटीचे शहर. एका खासगी रुग्णालयात त्याच्यावर हिवतापाचे म्हणून उपचार सुरू झाले. हिवतापाची तपासणी झाली, पण ताप काही हटेना. तो कुठून आला, कोणाच्या संपर्कात होता, हे तेथील वरिष्ठ डॉक्टर अमेयो स्टेला अदादेवो यांनी खोदून विचारले आणि त्यांना इबोलाची शंका आली. नायजेरियात तोवर इबोलाचा एकही रुग्ण आढळला नव्हता. रुग्णाला घरी सोडा, असा दबाव आला. त्या बधल्या नाहीत. त्यांनी सरकारी यंत्रणेला कळवले. महिनाभरातच, १९ ऑगस्टला, इबोलानेच त्यांचा मृत्यू झाला.

मोबाइलच्या साह्याने साथ कशी आटोक्यात आणता येते, याचे उदाहरण म्हणून लागोसचे नाव नेहमी घेतले जाते. ते योग्यही आहे. रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घेणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या हाती स्मार्टफोन होते. प्रत्येकाचा ताप २१ दिवस रोज मोजायचा आणि तिथूनच नोंद पाठवायची. कागद फिरत बसण्याचा वेळ वाचला आणि ताप चढलेला माणूस लगेच वेगळा काढता आला. एकूण २० जणांना लागण झाली, आठ दगावले आणि २० ऑक्टोबरला जागतिक आरोग्य संघटनेने नायजेरिया इबोलामुक्त जाहीर केला. या अनुभवातून जर्मन आणि नायजेरियन तज्ज्ञांनी तयार केलेली ‘सोरमास’ ही मोबाइलवर चालणारी प्रणाली २०१७ मधील मंकीपॉक्सच्या साथीतही कामी आली.

मात्र ही गोष्ट सांगताना दोन आकडे मागे पडतात. संपर्कातील ८९४ जणांसाठी सुमारे साडेअठरा हजार भेटी प्रत्यक्ष दारात जाऊन दिल्या गेल्या. त्या देणारी यंत्रणा पोलिओ मोहिमेत आधीच तयार झालेली होती. आणि पहिली घंटा वाजवली ती फोनने नव्हे, एका डॉक्टरच्या शंकेने.

आपल्याकडे एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प २००४ मध्ये सुरू झाला. त्याचा अहवाल आठवड्याचा असे. सोमवारी पाड्यावर जुलाब सुरू झाले तर जिल्ह्याला ते पुढच्या आठवड्यात कळणार. पटकीला एवढी उसंत लागत नाही. तोवर त्याच विहिरीचे पाणी प्यायलेली दुसरी फळी आजारी पडलेली असते. त्यामुळे एप्रिल २०२१ मध्ये केंद्राने ‘आयएचआयपी’ हा मंच आणला, आजारांची यादी १८ वरून ३३ वर नेली आणि गावपातळीवरून मोबाइल-टॅबलेटवर नोंदीची सोय केली, हे पाऊल गरजेचेच होते. त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो पडद्यावर दिसणाऱ्या ‘निरंक’ या शब्दाबद्दल. ज्या गावात खरोखर कोणी आजारी नाही ते गाव निरंक. आणि जिथे आरोग्यसेविकेचे पद रिकामे असल्याने कोणी पाहिलेच नाही, तेही बहुधा निरंक. नकाशावर दोन्ही सारखीच निर्धास्त दिसतात. भामरागड-एटापल्लीकडच्या दुर्गम गावात रेंजअभावी रखडलेली नोंदही तोवर त्याच रंगात मिसळलेली असते. कागदी अहवाल उशिरा यायचा, पण तो आला नाही हे निदान कारकुनाला कळत तरी होते.

शहरात वेगळीच गत. बहुतेक माणसे ताप-जुलाबासाठी आधी गल्लीतल्या खासगी दवाखान्यात जातात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढल्याचे लक्षात आले ते रुग्णालयांत हातापायांतली ताकद गेलेली माणसे दाखल होऊ लागल्यावर. या आजारात अनेकांना आधीच्या काही दिवसांत जुलाब होऊन गेलेले असतात. दोन दिवसांत बरे होणारे असे जुलाब कोण कुठे नोंदवतो? दिवसाला शंभर रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरकडून दहा रकान्यांच्या अर्जाची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. ‘आज जुलाबाचे नेहमीपेक्षा जास्त’ एवढे एका ओळीत सांगता यावे आणि पलीकडे ते वाचणारा माणूस असावा, इतके तरी महापालिकांना जमायला हवे.

आशा स्वयंसेविकेचे गाऱ्हाणे याहून जुने आहे. एकाच तापाच्या रुग्णाची नोंद ती वहीत करते, मग ॲपवर, अनेकदा आणखी एका ॲपवर. माहिती वर जाते. खाली काही येत नाही. तिने कळवलेल्या रुग्णाच्या रक्तनमुन्याचे काय झाले, पाणी तपासले का, तिला कोणी सांगत नाही. फोनवरून निरोप मिनिटात गेला, पण प्राथमिक आरोग्य केंद्रात तंत्रज्ञच नसेल तर रक्ताची काचपट्टी तशीच पडून राहते. चार वेळा कळवून कोणी फिरकले नाही की पाचव्या वेळी कोणीही निरंकच भरेल. हा तिचा आळस म्हणता येणार नाही.

नवे ॲप आणताना जुनी वही बंद झाल्याचा लेखी आदेश त्याच दिवशी निघायला हवा. आरोग्य विभागाच्या आढावा बैठकीत किती नोंदी झाल्या हे विचारले जाते. त्यांपैकी कितींवर दोन दिवसांत माणूस गावात पोहोचला आणि कळवणाऱ्या बाईला उत्तर मिळाले का, हे दोन रकाने त्याच तक्त्यात घालायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. पावसाळा तोंडावर आला की टॅबलेट खरेदीच्या निविदा निघतात. तंत्रज्ञांच्या रिकाम्या जागांची जाहिरातही त्याच सुमारास निघायला काय हरकत आहे?