दीप म्हणजे बेट

आमच्या वाचनालयातील जुन्या नकाशासंग्रहात हिंदी महासागराचे पान सर्वांत अधिक मळलेले आहे. अंदमान, लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस या नावांवरून मुलांची कित्येक बोटे फिरली आहेत. यात नवल नाही. नागोठणे हे एके काळी बंदर होते. भरतीच्या पाण्यावर अंबा नदीतून गलबते येथवर येत व धरमतरच्या खाडीने मुंबईकडे जात. समुद्रापलीकडची ओढ या मातीतच आहे.

परंतु त्या पानावरील एका मुलाची आठवण आम्हांला आजही अस्वस्थ करते. स्मरणिकेत गौरवाचेच लिहावे असा संकेत असला, तरी आमच्या हातून घडलेली चूक येथे नोंदविणे आम्हांला आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी सातवीतील एका विद्यार्थ्याचे वडील जहाजावर खलाशी होते. ते आजारी होऊन परतले आणि मुंबईत वारले. वार्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर होती. "परीक्षा होईपर्यंत त्याला सांगू नका," अशी नातेवाइकांनी विनंती केली व आम्ही ती मान्य केली. वडिलांचा फोन का येत नाही, असे त्याने विचारले, तेव्हा जहाज फार दूरच्या बेटाकडे गेले आहे, असे आम्ही सांगितले. तो रोज वाचनालयात जाऊन ते बेट शोधू लागला. परीक्षा संपली, काका न्यायला आले, सत्य कळले. तो रडला नाही. त्याने एवढेच विचारले, "कोणत्या दिवशी?" त्या दिवशी संध्याकाळी मैदानावर तो सर्वांत मोठ्याने हसत होता, हे आम्हांला आठवत होते. त्यालाही ते आठवले असावे.

ज्या शाळेत रोज वंदना होते, अनित्यतेचा पाठ दिला जातो, तेथे हे घडले. मेलेले बाळ उराशी धरून आलेल्या किसा गौतमीला तथागतांनी खोटा दिलासा दिला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणण्यास सांगून त्यांनी तिला दारोदार पाठविले, आणि सत्य तिचे तिलाच उमगू दिले. आम्ही मात्र एका मुलाला नकाशावर पाठविले.

आपल्या समाजाची श्रद्धा तर मृत्यूसमोरच कसाला लागलेली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. मधे दोन महिनेही गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी दादरला अंत्यसंस्काराच्या जागी जमलेल्या असंख्य लोकांनी भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून तेथेच दीक्षा घेतली. शोक लपविला गेला नाही, म्हणूनच त्यातून निश्चय उभा राहिला.

वैशालीजवळच्या बेलुव गावी ऐंशी वर्षांचे, आजारातून उठलेले तथागत आनंदाला 'अत्तदीप' होण्यास सांगतात. पाली भाषेत 'दीप' म्हणजे दिवा, तसेच बेटही. दिव्याचा अर्थ आपल्या परिचयाचा आहे. बेटाचा अर्थ अंबेकाठच्या माणसाला अधिक कळावा. जुलै १९८९ च्या महापुरात ज्यांनी जांभूळपाड्याचा विध्वंस पाहिला, त्यांना पाण्याबाहेर राहिलेल्या हातभर उंच जमिनीचे मोल सांगावे लागत नाही. तथागतांना अभिप्रेत असलेले बेट दूर समुद्रात नाही. ते पायाखाली असते आणि सत्याच्याच भरावाने उंच होते.

"मूल लहान आहे, त्याला सोसणार नाही," असे पालक म्हणतात. त्यांची माया आम्ही जाणतो. परंतु मुलाला सोसवत नाही ते एकटेपण. आपल्यावाचून सारे घर रडले, ही जाणीव त्याला जन्मभर सलते. परीक्षा पुन्हा देता येते, अंत्यदर्शन पुन्हा होत नाही.

म्हणून आम्ही ठरविले आहे: अशी वार्ता आली की, मुलाचा ज्यांच्यावर विश्वास आहे ते शिक्षक त्याला जवळ घेऊन त्याच दिवशी सांगतील, आणि त्याच्यासोबत घरापर्यंत जातील. पालकांनी यास साथ द्यावी. जे माजी विद्यार्थी पोरकेपण सोसून उभे राहिले, त्यांनी अशा मुलांना भेटण्यासाठी वर्षातून एक दिवस यावे.

नकाशाचे ते पान आम्ही बदललेले नाही. मुलांनी दूरची बेटे जरूर शोधावीत. मात्र आमच्या असत्यापायी पुन्हा कोणी तेथे शोधत बसू नये.