जुळणी म्हणजे निर्मिती नव्हे!

भारतात तयार झालेल्या मोबाइलची निर्यात वाढली की टाळ्यांचा कडकडाट होतो. होऊ द्यावा; पण त्या मोबाइलच्या पोटातील चिप कोणाची, पडदा कोणाचा आणि सर्किट बोर्डावर सुटे भाग बसविणारी स्वयंचलित यंत्रे कोणाची, हे कोणी विचारायचे? यातील बहुतांश आजही परदेशातूनच येते.

वास्तविक ही विद्या या देशाला परकी नव्हती. मोहालीच्या शासकीय ‘सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स’ने १९८४ मध्ये चिपचे उत्पादन सुरू केले. आज जगाला चिप पुरविणारी तैवानची ‘टीएसएमसी’ त्यानंतर तीन वर्षांनी जन्मली! १९८९ मध्ये मोहालीचा कारखाना आगीत सापडला. आग हे दुर्दैव. नंतरची दिरंगाई मात्र निव्वळ करंटेपणा. त्यावर कडी केली ती १९९७ च्या माहिती तंत्रज्ञान कराराने. संगणक आणि सुट्या भागांवरील आयातशुल्क २००५ पर्यंत शून्यावर आले आणि देशी उद्योजक उघड्यावर पडला.

२०२१ मध्ये केंद्राने ७६ हजार कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना जाहीर केली, धोलेरा आणि साणंदच्या प्रकल्पांना मंजुरीही दिली. स्वागतच आहे. मात्र अनुदान देताना बाहेर पडलेल्या पेट्या मोजू नयेत. आराखडा, सुटे भाग आणि यंत्रे यांत स्वदेशीचा वाटा किती, हे शासनाने दरवर्षी देशापुढे मांडावे.