घरचीं यंत्रें : मोर्तबावांचून प्रवेश नाहीं

आमच्या घरीं रविवारची संध्याकाळ ही एक ठरलेली बैठक आहे. वडील बंधूंची कन्या टोरांटोस असते. तिकडे सकाळ झाली म्हणजे ती संगणकाच्या पडद्यावर येते, आणि वहिनींपासून धाकट्या नातवापर्यंत सारें घर त्या पडद्यासमोर मांडी घालून बसतें. गेल्या महिन्यांत एका रविवारीं या बैठकीचा विचका झाला. पुतण्यानें आदल्या रात्रीं त्या संगणकांतील जुनी कार्यप्रणाली काढून टाकून लिनक्स ही मुक्त प्रणाली बसविली होती. यंत्र सुरू झालें, अक्षरें दिसूं लागलीं. पण मुलीचें चित्र मात्र अडखळत येऊं लागलें. ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे! पंखा तर पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यंत्र नवें केलें कीं मोडलें?"

पुतण्यानें यंत्राची रोजनिशी उघडली. तींत एक ओळ होती : चित्रविभागाचें फर्मवेअर सांपडलें नाहीं. त्यानें कोणा अनोळखी माणसाच्या भांडारांतून तशाच नांवाची फाइल आणून ठेवली व यंत्र पुन्हां सुरू केलें. आतां निराळी ओळ उमटली : फर्मवेअरची ओळख पटली नाहीं. "काका, फाइल तर जागेवर आहे, मग हें यंत्र ती नाकारतें कां?" असा त्याचा प्रश्न. यंत्र कोणत्या कंपनीचें, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु त्या प्रश्नाचा माग काढतां काढतां मला जें उमजलें, तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें.

आपली अशी समजूत असते कीं, संगणकाला एकच मेंदू असतो. वस्तुतः आजचा संगणक हा एकट्या कर्त्या पुरुषाचा संसार नसून एकत्र कुटुंब आहे. मुख्य प्रोसेसर हा घरचा वडीलधारा खरा. पण चित्रें काढणारा, ध्वनि सांभाळणारा, तारेवांचून संदेश पोंचविणारा, असे प्रत्येकाचे स्वतंत्र विभाग असून त्यांतील कित्येकांत मायक्रोकंट्रोलर नांवाचा लहानसा मेंदू बसविलेला असतो. या लहान मेंदूला ज्या आज्ञावलीवर चालावयाचें, तिला फर्मवेअर म्हणतात. हा शब्द १९६७ सालीं ॲशर ऑपलर या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें वापरांत आणला. धातूचें यंत्र कठीण, त्यावरील आज्ञा मऊ. आणि या दोहोंच्या मधलें तें फर्मवेअर, अशी त्या नांवामागील कल्पना.

आतां चित्रविभागाकडे वळूं. इंटेल कंपनीचें उदाहरण घेतों. कारण तिच्या यंत्रांसाठीं लिनक्समध्यें असलेल्या 'आय-९१५' या ड्रायव्हरचा मजकूर उघडा असून तो कोणासही वाचतां येतो. २०१५ सालीं आलेल्या 'स्कायलेक' पिढीच्या चित्रविभागांतील दोन मायक्रोकंट्रोलर येथें पाहूं. एकाचें नांव 'गक', दुसऱ्याचें 'हक'. गक हा कारभारी आहे : कोणतें काम आधीं, कोणतें मागून, विजेचा खर्च कोठें वाचवावा, हें तो पाहतो. हक हा चलच्चित्रें आटोपशीर करण्याच्या कामांत साहाय्य करतो. आरंभीं गकाचें साहाय्य ऐच्छिक होतें. अलीकडच्या पिढ्यांत मात्र तो जागा झाल्याखेरीज चित्रविभाग कामच हातीं घेत नाहीं, आणि चित्रें रंगविण्याचा सारा भार बिचाऱ्या मुख्य प्रोसेसरवर पडतो. आमच्या पंख्याची घरघर कां वाढली असावी, हें यावरून ध्यानांत येईल.

या दोघां मदतनिसांची स्मृति यंत्र बंद होतांच कोरी होते. म्हणून त्यांची आज्ञावली चकतीवर फाइलींत ठेवलेली असते, व प्रत्येक प्रभातीं ती त्यांना नव्यानें पढवावी लागते. हें पढविण्याचें काम ड्रायव्हर नांवाच्या मध्यस्थाचें. तो प्रथम फाइल शोधतो. तिचा मायना वाचून आकार बरोबर आहे कीं नाहीं, आवृत्ति अपेक्षित आहे कीं नाहीं, हें पाहतो. नंतर ती चित्रविभागासाठीं राखून ठेवलेल्या एका बंदिस्त स्मृतिकोठारांत पोंचती करतो. हें कोठार 'स्कायलेक'च्या पिढींत एक मेगाबाइट एवढें असून, त्याच्या हद्दी एकदां आंखल्या कीं यंत्र पुन्हां सुरू होईपर्यंत त्या कोणासही बदलतां येत नाहींत. त्याच वेळीं फाइलीसोबत आलेली सही ड्रायव्हर वेगळी काढून ६४ लहान खणांत मांडतो. एकेका खणांत ३२ अंक, म्हणजे सर्व मिळून २०४८ द्विमान अंकांची ती सही.

येथपर्यंत ड्रायव्हरचें काम. आणि खरी मौज येथेंच आहे. फाइल खरी कीं खोटी, याचा निवाडा ड्रायव्हर करीतच नाहीं! तो केवळ जासूद. निवाडा करणारी लहानशी आज्ञावली कारखान्यांतच चिपेवर कायमची कोरलेली असते. तिला कोणी लांच देऊं शकत नाहीं कीं फितवूं शकत नाहीं. ती फाइल व सही ताडून पाहते आणि आपला निकाल एका खणांत लिहून ठेवते. ड्रायव्हर दाराशीं उभा राहून तो खण पुन्हां पुन्हां वाचीत असतो. निकाल अनुकूल, तर गक जागा होतो. प्रतिकूल, तर रोजनिशींत तीच ओळ, जी आमच्या पुतण्यानें वाचली.

हकाची गोष्ट तर याहून मनोरंजक. त्याची फाइल कोठारांत आधींच ठेवून दिलेली असते, पण तिची पारख करणारा असतो गक. गकाची स्वतःची ओळख पटली, म्हणजे ड्रायव्हर त्याला विनंति करतो कीं, आतां या धाकट्याचीही सही पाहा. विश्वासाची ही परंपरा वडिलांकडून धाकट्याकडे उतरते. वडीलच खोटा निघाला तर पुढची सारी परंपरा खुंटते.

ही सही कशी असते, हें जुन्या मराठी दफ्तराच्या वाचकांस सहज समजेल. आपल्याकडे पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपे तेथें मोर्तब. हेतु हा कीं, मोर्तबाखालीं मागाहून कोणी ओळ घुसडूं नये. आजच्या सहीनें हेंच काम अधिक कडक रीतीनें साधतें. प्रथम सबंध मजकुराचा, एका ठराविक गणितानें, थोडक्या अंकांचा अर्क काढतात. मजकुरांत एक काना जरी बदलला तरी अर्क पार पालटतो. मग त्या अर्कावर गुप्त किल्लीनें सही होते. १९७७ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या तिघांनीं जी युक्ति काढली, तींत किल्ल्यांची जोडी असते. एकीनें सही करावी, दुसरीनें ती पडताळावी. आणि दुसरी जगजाहीर असली तरी तिच्यावरून पहिली घडवितां येणें व्यवहारतः अशक्य. पहिली किल्ली कारखानदाराच्या तिजोरींत राहते. दुसरीची खूण चिपेंत.

एवढा बंदोबस्त कशास, असें कोणी विचारील. चित्रविभागाला मुख्य स्मृतीशीं थेट देवघेव करावी लागते. तेथें दुष्ट आज्ञावली शिरली तर ती कार्यप्रणालीच्या पहाऱ्याखालून घरभर हिंडूं शकेल, आणि ती नेमकी कोठें दडली आहे हें शोधणें फार कठीण. म्हणून दारावर पहारेकरी हवाच.

परंतु पहाऱ्याची दुसरीही बाजू आहे. एन्व्हिडिया कंपनीनें २०१४ सालच्या 'मॅक्सवेल'च्या दुसऱ्या फळीपासून आपल्या चित्रविभागाच्या महत्त्वाच्या फर्मवेअरवर सही सक्तीची केली. तोंवर 'नूव्हो' नांवाचा मुक्त ड्रायव्हर लिहिणारे स्वयंसेवक यंत्राचा अभ्यास करून स्वतःचें फर्मवेअर रचीत असत. सहीच्या सक्तीनें तो मार्ग बंद झाला. कंपनीनें सही केलेल्या फाइली पुढें हप्त्याहप्त्यानें दिल्या. पण चिपेचा वेग वाढविण्याचें साधन त्यांत नसल्यामुळें, नूव्होवर चालणारीं तीं महागडीं यंत्रें संथ गतीनेंच रांगत राहिलीं. २०२२ च्या मे महिन्यांत कंपनीनें आपल्या ड्रायव्हरचा गाभ्यांतील भाग खुला केला, आणि २०२४ च्या जानेवारींत आलेल्या लिनक्स ६.७ पासून नूव्होलाही २०१८ च्या 'ट्युरिंग' व त्यापुढील पिढ्यांत सहीच्या फर्मवेअरकडून वेग मागतां येऊं लागला. फर्मवेअर मात्र अद्याप बंदच. दार उघडलें, तें किल्ली मिळाली म्हणून नव्हे. द्वारपाल बोलूं लागला म्हणून.

असाच पेंच 'डेबियन' या जुन्या मुक्त प्रणालीपुढेंही पडला होता. ज्याचा मजकूर वाचतां येत नाहीं तें फर्मवेअर आपल्या अधिकृत संचांत ठेवावयाचें नाहीं, हा तेथील बाणा. पण फर्मवेअरवांचून नवीं यंत्रें धड चालेनात. शेवटीं २०२२ सालीं सभासदांनीं मतदान करून तडजोड स्वीकारली, आणि जून २०२३ मध्यें निघालेल्या बाराव्या आवृत्तीपासून तें फर्मवेअर संचासोबतच मिळूं लागलें. तत्त्व सोडलें, असें कोणी म्हणोत. मला तर घरांत सोवळें पाळूनही पाहुण्याला उपाशी न धाडणाऱ्या गृहिणीची आठवण झाली.

या साऱ्यांतून एक गोष्ट मनाशीं पक्की धरावी. सही सांगते ती एवढेंच, कीं हा मजकूर कोणाकडून आला आणि वाटेंत बदलला नाहीं. मजकूर चांगला आहे, निर्दोष आहे, आपल्या हिताचा आहे, हें ती सांगत नाहीं. काल ज्या आवृत्तींत दोष सांपडला, तिच्यावरची सहीही खरीच होती. म्हणून सही पाहून निर्धास्त होऊं नये, आणि सही अडवते म्हणून तिच्यावर रागावूंही नये. फर्मवेअर घ्यावें तें प्रणालीच्या अधिकृत भांडारांतूनच. दुरुस्तीच्या नव्या आवृत्त्या वेळच्या वेळीं घ्याव्या. आणि यंत्र विकत घेतांना किंमतीइतक्याच आग्रहानें दुकानदाराला विचारावें कीं, कारखानदार याचें फर्मवेअर किती वर्षें पुरविणार? कारण किल्ली त्याच्या हातीं आहे. तो थकला कीं आपलें यंत्रही थकलें.

पुतण्यानें अखेर अधिकृत भांडारांतून फाइल आणली, आणि यंत्रानें ती मुकाट्यानें स्वीकारली. पुढच्या रविवारीं टोरांटोची मुलगी पडद्यावर ठसठशीत दिसली. पंखाही शांत होता. हें सारें पुराण मीं वहिनींना सांगितलें, तेव्हां त्या दिव्याची वात सारीत म्हणाल्या, "म्हणजे पैसे आपले, यंत्र आपलें, माजघरही आपलें; आणि दाराची किल्ली मात्र परक्याच्या कनवटीला!" मीं म्हटलें, "चोर येऊं नये म्हणून, वहिनी." त्या म्हणाल्या, "तें ठीक. पण घरच्या माणसाला बाहेर ठेवूं नये, एवढें त्यांना कोणी लिहून कळवील काय?"

पहाऱ्याचें काम चिप करील. हा प्रश्न विचारण्याचें काम मात्र आपलेंच आहे.