उंदराचं विष शेतात टाकलं, मग ते जातं कुठे?

2021 च्या मे महिन्यातला तो व्हिडिओ आठवतोय? ऑस्ट्रेलियातल्या एका शेतात धान्याच्या पाइपातून उंदरांचा पाऊस पडत होता! न्यू साउथ वेल्समध्ये तेव्हा उंदरांनी अक्षरशः थैमान घातलं होतं. राज्य सरकारने ब्रोमॅडिओलोन नावाच्या विषाची 5,000 लिटरची ऑर्डर थेट भारतात दिली. पण जूनमध्ये तिथल्या कीटकनाशक नियामक संस्थेने शेतात ते वापरायला नकार दिला. शेतकऱ्यांकडे उरलं झिंक फॉस्फाइड, तेही किलोमागे 25 ऐवजी 50 ग्रॅम अशा दुप्पट मात्रेत.

एक विष नाकारलं आणि दुसऱ्याची मात्रा दुप्पट केली! हे कसं काय?

दोन विषं, दोन स्वभाव

झिंक फॉस्फाइड उंदराच्या पोटातल्या आम्लात मिसळलं की फॉस्फीन वायू तयार होतो आणि उंदीर लवकर मरतो. शेतातही ओल लागली की ते विघटित होत जातं.

ब्रोमॅडिओलोन रक्त गोठू देत नाही. उंदीर मरायला काही दिवस लागतात, तोवर तो खात आणि फिरत राहतो. विष त्याच्या लिव्हरमध्ये साठतं. असा उंदीर घुबडाने, घारीने किंवा मांजराने खाल्ला, की विष त्यांच्या पोटात. नियामक संस्थेला हीच भीती होती.

मग पिकाचं काय?

ब्रोमॅडिओलोन पाण्यात फारसं विरघळत नाही, मातीच्या कणांना चिकटून बसतं. त्यामुळे मुळांवाटे दाण्यात जाण्याची शक्यता कमी. खरा धोका साधा आहे: विष लावलेले दाणे कापणीच्या धान्यात मिसळणं. म्हणून खळ्यावर किंवा उघड्यावर आमिष नकोच. ते बिळात टाकायचं, बीळ बुजवायचं आणि मेलेले उंदीर खोल पुरायचे.

आपल्यासाठी कामाचं

ही दोन्ही विषं भारतात वापरली जातात. ब्रोमॅडिओलोनच्या आमिषात विष फक्त 0.005 टक्के, म्हणजे किलोमागे 50 मिलिग्रॅम असतं. आकडा लहान दिसला तरी गाफील राहू नका.

घरात यातलं काही असेल तर आत्ताच पाकिटावरच्या नावाचा फोटो काढून ठेवा. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के-1 हा उतारा आहे, झिंक फॉस्फाइडवर उताराच नाही. चुकून कुणाच्या पोटात गेलं, तर वाट न बघता दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना आधी तो फोटो दाखवा.