टीव्हीला साउंडबार घेण्याआधी घरातल्या कानांची तपासणी करा

"आवाज येतो, पण बोललेलं कळत नाही." ही तक्रार हल्ली दवाखान्यात कानाची म्हणून कमी आणि टीव्हीची म्हणून जास्त येते. मुलगा सांगतो, नानांना बातम्या नीट कळत नव्हत्या म्हणून मोठा टीव्ही घेतला, तरी तेच. आता साउंडबार घ्यावा म्हणतो, चांगला कोणता? प्रश्न रास्त आहे. पण माझे मत असे की खर्चाचा हा क्रम उलटा आहे. आधी कान तपासा, मग खोलीकडे बघा आणि साउंडबार सगळ्यात शेवटी घ्या.

टीव्हीचा दोष नाही असे मी म्हणत नाही. दोष आहेच. 1987 साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी रामायण लागायचे, तेव्हा एका संचासमोर अर्धी गल्ली बसायची आणि मागच्या माणसालाही संवाद कळायचे. लोक तेव्हा गप्प बसून बघत, हे एक कारण झाले. दुसरे असे की तो पेटीसारखा खोल टीव्ही होता, आत भरपूर हवा होती आणि स्पीकरचे तोंड बहुधा बघणाऱ्याकडे असे. आजचा एलईडी टीव्ही दोन बोटे जाडीचा. त्यात स्पीकरला जागाच उरत नाही, म्हणून तो खालच्या कडेला किंवा पाठीमागे बसवतात. म्हणजे आवाज आधी भिंतीवर किंवा शोकेसच्या फळीवर आपटतो आणि मग तुमच्याकडे येतो.

यात नेमके काय हरवते ते समजून घ्या. जाड, घुमणारे आवाज वळून पुढे येतात. बारीक, तीक्ष्ण आवाज सरळ जातात आणि आडोसा आला की अडतात. बोलण्यात स्वरांचा, म्हणजे अ, आ, ओ यांचा जोर जाड आवाजात असतो. स, श, च, त, थ, फ या व्यंजनांची ओळख बारीक आवाजात असते, साधारण 2000 हर्ट्झच्या वर. स्वरांमुळे आवाज मोठा वाटतो, पण शब्द ओळखता येतो तो व्यंजनांमुळे. 'सात', 'हात' आणि 'खात' यांत फरक फक्त पहिल्या अक्षराचा. ते अक्षर गेले की उरतो नुसता 'आत'. मग माणूस ओठ बघून किंवा अंदाजाने अर्थ लावतो. बातम्यांतला निवेदक समोर बघून बोलतो म्हणून थोडे निभते. मालिकेत पाठमोरे बोलणारे पात्र आले की धागा तुटतो.

आता कानाकडे येऊ. वय वाढते तसे आतल्या कानातल्या, ज्याला कॉक्लिया म्हणतात त्या शंखाकृती भागातल्या बारीक केसपेशी झिजतात. आधी जातात त्या नेमक्या बारीक आवाज पकडणाऱ्या. म्हणजे टीव्ही जे गाळतो तेच कानही गाळतो. मळणी यंत्र, ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, लग्नातला डीजे यांच्याजवळ वर्षे काढलेल्यांत ही झीज पन्नाशीच्या आतही दिसते. आपल्या जळकोट भागात सोयाबीनच्या राशी होतात तेव्हा यंत्राशेजारी दिवसदिवस उभे राहणाऱ्या किती जणांच्या कानात बोळे असतात, हे तुम्हीच आठवून बघा.

एक गोष्ट घरच्यांना फार चमत्कारिक वाटते. म्हातारा माणूस "ऐकू येत नाही" म्हणतो, म्हणून आवाज वाढवला की "ओरडता कशाला" म्हणून चिडतो. हा हट्ट नाही. केसपेशी कमी झालेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज मात्र निरोगी कानाइतकाच मोठा, कधी बोचरा लागतो. दोहोंमधली सोयीची पट्टी अरुंद झालेली असते. म्हणून नुसता आवाज वाढवणे हा उपाय नाही. आणि इथेच साउंडबारची मोठी गफलत होते. दुकानात तुम्हाला धमधम ऐकवून खूश करतात. वेगळ्या डब्यातला सबवूफर धडधडला की जाड आवाज बारीक आवाजांना झाकतो. ज्या माणसाला व्यंजने हवी होती, त्याला मिळाला ढोल.

तेव्हा पहिले काम तपासणीचे. कानात नुसता मळ घट्ट बसलेला असू शकतो. तो दवाखान्यात काही मिनिटांत निघतो. काडी, किल्ली, गरम तेल घालू नका, रस्त्यावर कान साफ करणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नका. पडद्याला भोक असू शकते. मळ नाही, पडदा चांगला, तरी शब्द कळत नसतील तर ऑडिओमेट्री करून घ्या. या तपासणीत दुखत नाही, टोचत नाही. शांत खोलीत हेडफोन लावून बसायचे आणि आवाज ऐकू आला की खूण करायची. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहेत. उदगीरला जाणे सोयीचे असेल तर तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. एकाच कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले असेल, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी निघा. त्यात उपचार जितका लवकर तितका कान वाचण्याचा संभव जास्त.

श्रवणयंत्र लागले तर लाज कशाची? चष्मा लावताना आपण लाजत नाही. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना साहाय्यक साधनांसाठी एकदा 3000 रुपये मिळण्याची तरतूद आहे आणि त्या यादीत श्रवणयंत्रही आहे. चांगल्या यंत्राला ते पुरत नाहीत, हे मान्य. पण म्हणून बाजारात मिळणारी, सगळेच आवाज सरसकट वाढवणारी स्वस्त पेटी घेऊ नका. यंत्र तपासणीच्या आलेखावरून बसवलेले हवे.

या सगळ्याचा मला इतका आग्रह का, ते सांगतो. ऐकू न येणारा माणूस आधी टीव्हीसमोरून उठतो, मग पारावर जायचे सोडतो, मग घरातल्या बोलण्यातही "काय म्हणाला?" विचारायचे बंद करतो. घरचे म्हणतात, वयामुळे शांत झाले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे जे 14 टाळता येण्याजोगे धोके मोजले, त्यांत बहिरेपणा आहे. प्रत्येक बहिऱ्या माणसाला विसरभोळेपणा येतो असा याचा अर्थ नाही. पण "वय झालं, चालायचंच" म्हणून सोडून द्यावी अशीही ही गोष्ट नाही.

खोलीबद्दल थोडक्यात. पत्रे, शहाबादी फरशी आणि सिमेंटच्या उघड्या भिंती यांत आवाज आपटत राहतो, शब्दांना शेपटी फुटते. जुन्या माळवदाच्या घरात हा त्रास कमी होता. टीव्हीसमोर जाड सतरंजी किंवा वाकळ अंथरा, खिडकीला पडदा लावा. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीवर मात करायला टीव्ही वाढवतात, त्याऐवजी कूलर बैठकीपासून दूर ठेवा. आणि नानांची खुर्ची पुढे ओढा. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले तर आवाज 6 डेसिबलने वाढतो, खोलीत थोडा कमी, पण फुकट. टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा पर्याय बहुधा असतो, तोही लावून बघा.

एवढे करूनही घ्यायचाच असेल तर साउंडबार जरूर घ्या, माझा विरोध नाही. फक्त बोलण्यासाठी मधला वेगळा स्पीकर असलेला घ्या. पेटीवर 3.1 लिहिलेले असते त्यातला 3 म्हणजे डावा, उजवा आणि मधला. 2.1 मध्ये तो मधला नसतो. शोकेसच्या कप्प्यात कोंबू नका, टीव्हीखाली अगदी कडेला, तोंड माणसाकडे करून ठेवा. सबवूफरचा आवाज कमीत कमी करा. दुकानात गाणे नव्हे, बातम्या लावायला सांगा आणि नानांना सोबत घेऊन जा. ज्यांच्यासाठी घेताय त्यांनाच घरी ठेवून खरेदी करण्यात काय अर्थ?

एकट्या नानांना मोठा आवाज हवा आणि बाकीच्यांना नको, अशा घरात वायरलेस हेडफोन बरा. लहान मुलांच्या कानाशी रोज दणदणाट नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो, 90 ला मात्र चारच तास. आणि घरातले पोर सतत टीव्हीला नाक लावून बसत असेल, आवाज वाढव म्हणत असेल, तर डोळ्यांबरोबर त्याचे कानही दाखवा. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचले की असे होते आणि त्यावर उपचार आहेत.